विमान जाईपर्यंत

लंडनच्या विमानतळाला लागून असलेल्या हाउन्सलोतल्या आमच्या घरमालकीणबाई वाक्याच्या मधोमध थांबत. म्हणजे "परवा त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मी अर्धा किलो" इथे थांबत. डोळे छताकडे, हात हवेत तसाच. घरावरून विमान जाई, कपाटातल्या वाट्या किणकिणत, आणि विमान पार पुढे गेलं की "भेंडी आणली, सगळी जून निघाली" असं म्हणून त्या वाक्य पुरं करत. मधे काही घडलंच नाही अशा थाटात.

पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंना झटका आला. मी वर्षाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, पाहिलं. ती नर्स आहे. तिने बाईंची नाडी बघायला हात पुढे केला तेवढ्यात विमान गेलं.

"हात कशाला धरतेस? मी आहे अजून," बाई म्हणाल्या. "विमानाशी स्पर्धा करू नये एवढंच. ते आपल्यापेक्षा मोठ्याने बोलतं आणि त्याला सांगायचं काहीच नसतं."

त्यांना सगळे काकू म्हणत. आम्ही वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्या खाली. काका वारून बरीच वर्षं झाली होती. काकूंनी उभी हयात विमानतळाजवळच्या एका स्वयंपाकघरात विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात काढली होती. "जगातल्या सगळ्या शहरांकडे जाणाऱ्यांना मी जेवायला वाढलंय," त्या म्हणत. "शहर एकही पाहिलं नाही. पण टोकियोला जाणारे लोणचं टाकतात, हे मला माहितीये."

आता माझी ओळख. वर्षाला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो. 'आम्ही' म्हणजे ती आली आणि मी सामानाबरोबर आलो. माझ्या व्हिसाच्या कार्डावर 'डिपेंडंट' असा स्पष्ट शब्द होता. मराठीत याला घरजावई म्हणतात. फरक इतकाच की इथे सासऱ्याच्या जागी सरकार होतं. काकूंनी ते कार्ड एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून मला जावईबापू म्हणायला लागल्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालेलो. त्या शिक्षणाच्या जोरावर मी विमानतळाजवळच्या एका गोदामात खोके मोजत असे. तिथे बोलावं लागत नसे. स्कॅनर बोलायचा, 'बीप'. मी मान हलवायचो.

काकूंच्या घरात एक नियम होता. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात होतं, आणि ते लावायचं असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. प्रश्न 'लाइफ इन द यूके' परीक्षेच्या सरकारी पुस्तकातला. कायमचं राहायचं असेल तर ही परीक्षा द्यावीच लागते, आणि काकूंचं म्हणणं, आपल्या घरात राहून कुणी नापास झालं तर शेजारपाजारी काय म्हणतील. शेजारी एका बाजूला पोलिश कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारे शीख सरदारजी. दोघांनाही याची काही पडलेली नव्हती. पण काकूंना होती.

मी कपड्यांची बादली घेऊन उभा. काकू मशीनच्या दाराला पाठ लावून.

"पार्लमेंटमधला स्पीकर कुणाच्या बाजूचा?"

"काकू, गोदामाचा युनिफॉर्म आहे. उद्या लागणार."

"मग लवकर सांग. विमान येतंय."

उत्तराला मुदत एका विमानाची. आवाज लांबून सुरू झाला की प्रश्न विचारला जाई, विमान डोक्यावरून जाईपर्यंत विचार करायचा, आणि वाट्यांची किणकिण थांबली की उत्तर. चुकलं की बादली परत वर. मला आठवतंय, मॅग्ना कार्टाचं साल पाठ होईपर्यंत मी ओशट वासाच्या युनिफॉर्ममध्ये कामावर जात होतो. माझा सुपरवायझर एकदा हळूच म्हणाला, तुमच्याकडे गरम पाणी नाही का? गरम पाणी आहे, तेराव्या शतकाचा घोळ आहे, हे त्याला इंग्रजीत कसं सांगू?

हाउन्सलोत राहणाऱ्यांना ठाऊक आहे की विमानं कुठल्या धावपट्टीवर उतरायची हे दुपारी तीनला बदलतं. एका आठवड्यात सकाळभर घर थरथरतं, तर पुढच्या आठवड्यात तीननंतर. त्यामुळे आमच्या शिकवणीची वेळ विमानतळ ठरवत असे. आकाश शांत असलं की काकू शिकवतच नसत. "माप नसलं तर शिवण कशी करायची?" म्हणत.

इंग्रजांचा इतिहास त्यांनी आपल्या पद्धतीने लावून घेतला होता. दोन गुलाबांची लढाई ही सरळसरळ भाऊबंदकी. "दोघांचा पणजा एकच. जमीन एकच. फक्त गुलाबाचा रंग वेगळा. आमच्या गावाला बांधावरून व्हायची तीच." सहा बायका करणाऱ्या राजाबद्दल त्यांचं मत सहानुभूतीचं होतं, पण राजाबद्दल नाही. सहाव्या बायकोबद्दल. "ती टिकली, कारण ती आजारी माणसाचं पथ्य सांभाळायची आणि त्याच्याशी वाद घालायची नाही. पण टिकली म्हणून कुणी तिचं नाव लक्षात ठेवलं का? सांग, नाव सांग." मला सांगता आलं नाही. बादली वर.

असं धुणं तुंबवत तुंबवत मी ती लेखी परीक्षा मात्र पहिल्या फटक्यात पास झालो. काकूंनी शेवयांची खीर केली आणि त्या दिवशी मशीन विनाप्रश्न दिलं.

खरी अडचण दुसरी होती. बोलण्याची. वर्षाची इंग्रजीची परीक्षा नर्स म्हणून येतानाच झाली होती. माझी राहिली होती. समोर एक परीक्षक बसतो, आपण निवडलेल्या विषयावर त्याच्याशी बोलायचं, मग इतर गप्पा मारायच्या. गप्पा! मी मराठीत तासन्‌तास बोलतो, नातेवाईक मला लग्नात मुद्दाम लांबच्या टेबलावर बसवतात. पण इंग्रजीचा प्रश्न आला की माझी मान आपोआप वर्षाकडे वळायची. डॉक्टरकडे गेलो, रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं काय होतंय, मी वर्षाकडे पाहिलं, वर्षा म्हणाली, याच्या पोटात दुखतंय. कुठे? मी वर्षाकडे पाहिलं. डावीकडे, वर्षा म्हणाली. दुखत उजवीकडे होतं. पण इंग्रजीत खोडून काढण्यापेक्षा डावीकडे दुखून घेतलेलं मला सोपं वाटलं.

हा किस्सा मी काकूंना हसत सांगितला. काकू हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून नवा नियम. काकू स्वयंपाकघरात मला इंग्रजीत काहीतरी विचारत, त्यांचं इंग्रजी म्हणजे विमानतळावर घासून गुळगुळीत झालेलं, आणि वर्षा सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडे.

"तुला विचारलेलं नाही," काकू तिला म्हणत. मग माझ्याकडे वळून, "तुला विचारलंय."

"काकू, त्याला येत नाही म्हणून मी..."

"त्याला येत नाही कारण तू मधे येतेस. जा बाई, वर जाऊन टीव्ही बघ."

वर्षा जिन्यावर जाऊन बसे. तिथूनही तिची कुजबुज ऐकू येई. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

एवढं करूनही मी पहिल्या वेळी नापास झालो. परीक्षा लंडनच्या मध्यभागी एका तळघरात होती. मी विषय निवडला होता गणेशोत्सव, आणि सगळा पाठ करून गेलो होतो, मोदकापासून मिरवणुकीपर्यंत. खोली इतकी शांत की मला माझं घड्याळ ऐकू येत होतं. मोदकाची उकड काढली, सारण भरलं, आणि पुढचं वाक्य गेलं. गेलं ते गेलंच. परीक्षक भला माणूस. त्याने विचारलं, तुम्हाला मोदक आवडतात का? मी उजवीकडे पाहिलं. तिथे भिंत होती.

आता गंमत राहिली नव्हती. आमच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. वर्षाचं कायमचं वास्तव्य ठरल्यातच जमा होतं. माझं झालं नाही तर मला पुन्हा तात्पुरता व्हिसा, पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. एका घरात एक कायमची आणि एक तात्पुरता. वर्षा म्हणाली, "होईल रे." पण त्या आठवड्यात तिने माझ्यासाठी कुठलंच उत्तर दिलं नाही, दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी गप्प राहिली. माझ्या लक्षात आलं, ती घाबरली आहे.

शनिवारी सकाळी काकूंनी मला मेथी निवडायला बसवलं. आकाश शांत होतं. म्हणजे शिकवणी नव्हती.

"मी आले ना इथे," काकू म्हणाल्या, "लग्नाला दोन महिने झाले नव्हते. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, सासरचं. पासपोर्टही त्याच नावाचा काढला. सगळे 'छान आहे, छान आहे' म्हणाले. हीथ्रोला त्या टेबलापाशी गोरा साहेब बसलेला. त्याने विचारलं, युवर नेम? मी माहेरचं सांगितलं. दुसरं मला अजून येतच नव्हतं."

"मग?"

"साहेबाने पासपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं. हे हसले. म्हणाले, शी इज नर्व्हस, आणि नाव यांनीच सांगितलं. वाईट नव्हते रे ते. पण त्या दिवसापासून माझं सगळं तेच सांगायला लागले. डॉक्टरला, कौन्सिलला, बँकेत. माझ्या बहिणीला फोनवर मी कशी आहे तेही तेच सांगत." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "यांनी स्वतःचं नागरिकत्व घेतलं तेव्हा म्हणाले, तुझाही फॉर्म भरतो. मी म्हटलं, माझा मी भरीन. एवढं एकच मी म्हटलं. आणि भरला नाही."

मी हातातली जुडी ठेवली. "म्हणजे काकू, तुम्ही अजून..."

"भारतीय पासपोर्ट. राहायची कायमची परवानगी आहे, चालतं. काड्या टाकू नकोस भाजीत."

घरातल्या भाडेकरूंना नागरिक करायला निघालेली बाई स्वतः नागरिक नव्हती. मला हसू आलं, आणि मेथीवर मान घालून मी ते लपवलं. काकूंना दिसलंच.

"हस. पण तू तिकडे भिंतीकडे बघितलंस म्हणे. मी निदान नवऱ्याकडे बघायचे."

दुसऱ्या वेळची परीक्षा आमच्याच भागात होती, विमानतळाजवळच्या एका ऑफिसच्या इमारतीत. निघताना काकू दारात आल्या. मी प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो.

"पोहे खाल्लेस का?" त्यांनी विचारलं.

"खाल्ले."

"पास," म्हणाल्या आणि दार लावलं.

परीक्षक बाई होत्या, लोकरीच्या जांभळ्या स्वेटरमधल्या, चष्मा गळ्यात. मी गणेशोत्सव सुरू केला. उकड काढली. सारणात खोबरं आणि... एवढ्यात लांबून आवाज आला. मी थांबलो. विचार करून नाही. अंगवळणीच पडलं होतं. डोळे छताकडे, हात हवेत. खिडकीच्या काचा थरारल्या. विमान गेलं, आणि मी 'गूळ' म्हणून पुढे निघालो.

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. काही लिहिलं. मी मोदक वळायला घेतले. दुसरं विमान. मी पुन्हा थांबलो. या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं. विमान गेल्यावर मी तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांनी विचारलं, तुम्ही बरे आहात ना? असे का थांबता?

पाठ केलेल्यात हे नव्हतं. मान उजवीकडे वळायला लागली होती. वळता वळता कानात आलं, तुला विचारलंय.

मी इंग्रजीत म्हणालो, "आमच्या घरी विमान जात असताना कुणी बोलत नाही. लँडलेडीचा नियम आहे."

"अस्सं? का बरं?"

आणि मग मला थांबवणं त्यांना जड गेलं. मी मशीनचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. माझ्या सुपरवायझरला वास आला तो प्रसंग मी, मराठीतसुद्धा कधी सांगितला नाही इतक्या रंगात, उठून करून दाखवला. टोकियोचं लोणचं सांगितलं. भूतकाळ, वर्तमानकाळ, एकवचन, अनेकवचन एकमेकांत मिसळून गेले. काकूंना मी मधेच इंग्रजीतला पुरुषी 'ही' लावला असेन. बाई हसत होत्या. हसता हसता विचारत होत्या, आणि मी उत्तर देत होतो. मधे आणखी एक विमान गेलं. आम्ही दोघेही थांबलो.

शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या लँडलेडीला इथे राहायला आवडतं का?

हा प्रश्न मी काकूंना कधी विचारला नव्हता. मी तसंच म्हणालो. मला माहीत नाही, मी त्यांना घरी जाऊन विचारतो.

घरी वर्षा जिन्यावर बसली होती, काकू दारात.

"काय बोललास?"

"तुमच्याबद्दल बोललो."

"माझ्याबद्दल? सरकारी माणसापुढे?" काकूंनी पदर सावरला. "खरं सांगितलंस की चांगलं?"

"खरंच सांगितलं."

"मग गेलं."

गेलं नव्हतं. थोड्या दिवसांनी निकाल आला, पास. वर्षा माझ्या गळ्यात पडून रडली, मग तिने डोळे पुसले आणि ताबडतोब तिच्या आईला फोन लावला. फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग," म्हणाली. आमचा दोघांचा अर्ज एकत्र गेला आणि एकत्रच मंजूर झाला. त्या दिवशी मी मशीनच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. काकू हातात टॉवेलांचा ढीग घेऊन समोर.

"बाजूला हो, जावईबापू."

"एक प्रश्न आहे. तुम्हाला इथे राहायला आवडतं का? आणि आवडत असेल तर तुमचा फॉर्म कधी?"

विमान आलं. नेहमीपेक्षा मोठं असावं, वाट्या बराच वेळ वाजत होत्या. ते गेल्यावरही काकू टॉवेलांच्या घड्या नीट करत राहिल्या.

"मुदत संपली, काकू."

"आवडतं," त्या म्हणाल्या. "दे आता मशीन."

फॉर्म त्यांनी स्वतः भरला. आम्हाला जवळ फिरकू दिलं नाही. फक्त एकदा वर आल्या, भयंकर रागावलेल्या. पासष्टीच्या पुढच्यांना दोन्ही परीक्षा माफ असतात हे त्यांना वाचायला मिळालं होतं.

"म्हणजे मला काही विचारणारच नाहीत?"

"चांगलं आहे की काकू. सुटलात."

"काय सुटले? मला सगळं येतं. गल्लीत माझ्याइतकं कुणाला येतं? आणि मलाच विचारायचं नाही." त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "पुन्हा आपलं तेच."

वर्षाने त्यांना बसवलं आणि चहा केला.

पुढे नागरिकत्वासाठी थांबायचं ते आम्ही थांबलो, काकूंच्या कागदांनीही वेळ घेतला, आणि शपथेच्या समारंभाचं बोलावणं आम्हा तिघांना एकाच दिवसाचं आलं. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, हॉल, राजाचं चित्र, ओळीने खुर्च्या. काकू डाळिंबी रंगाच्या पैठणीत, वर विमानतळावरचा जुना निळा कोट, कारण हॉलमध्ये हीटिंग असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी खिशातला जुना पासपोर्ट चाचपून पाहिला. तो आता परत करायचा होता, आणि त्यावरचा माझा फोटो फार बावळट असला तरी तो मीच होतो.

शपथेआधी एकेकाने उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं. माझं झालं. वर्षाचं झालं. रजिस्ट्रारबाईंनी हातातल्या कागदावर पाहिलं, पुढचं नाव लांबलचक असावं. त्यांनी ओठ हलवून पाहिले, मग मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. ते नाव मलाही ठाऊक नव्हतं, तरी मी मदत करायला तोंड उघडलंसुद्धा. सवय वाईट असते.

माझ्या हातावर काकूंचा हात पडला. त्या उभ्या राहिल्या.

"युवर नेम, प्लीज?"

काकूंनी श्वास घेतला आणि नेमकं विमान आलं.

काकू थांबल्या. डोळे छताकडे. रजिस्ट्रारबाईंना वाटलं ऐकू आलं नाही. त्या पुन्हा विचारणार, तर काकूंनी बोट वर केलं. थांबा. सगळा हॉल थांबला. नायजेरियाचं एक कुटुंब, कडेवरच्या बाळासकट. दोन नेपाळी भाऊ, नव्या सुटात. कॅमेरा सरसावलेला फोटोग्राफर. जन्मभर या बाईला लोकांनी समारंभात नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह केला असेल, उखाण्यात घे म्हणून. तिचं स्वतःचं नाव ऐकायला एवढी माणसं आज पहिल्यांदाच थांबली होती.

विमान गेलं. काचा शांत झाल्या.

काकूंनी नाव सांगितलं. सावकाश, शेवटपर्यंत, मधे कुठेही न थांबता.

बाहेर आल्यावर वर्षाने विचारलं, "काकू, तांदळातलंच सांगितलंत?"

"हो मग," काकू कोटाची बटणं लावत म्हणाल्या. "नवीन होतं तेव्हा चावायचं. आता सैल झालंय, वहाणेसारखं. माझंच आहे."

ते नाव काय, असं हा किस्सा ऐकणारे सगळेच मला विचारतात. इतकी वर्षं आम्ही त्यांना काकूच म्हणत आलो. मीही ते त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं. छान नाव आहे. पण ते मी सांगत नाही. काकू अजून त्याच घरात राहतात, स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. त्यांना विचारा. फक्त जाताना धुण्याचे कपडे नेऊ नका.